सदतिसावा टॅब

३ मार्च, सकाळी ७.१०

हे संगणकासमोर, मी स्वयंपाकघरात मटार सोलत, मधलं दार उघडं. कितीतरी वर्षं आमच्या संध्याकाळी अशाच गेल्या. हे एकेक पान उघडायचे आणि मथळे मोठ्यानं वाचून दाखवायचे. मी 'हो का' म्हणायचे. मटार सोलताना तेवढंच म्हणता येतं. आता बंद करा ते सगळं, असं म्हटलं की म्हणायचे, राहू दे गं, वाचायचंय अजून. एकदा आतून हाक मारून विचारलं, अगं, टायपिंगच्या क्लासबाहेर बाकावर बसून आपण खायचो ती पिवळ्या डब्यातली बिस्किटं, नाव काय होतं त्यांचं? मी म्हटलं, मला पक्कं माहीत आहे, थांबा, दूध वर येतंय, आलेच. दूध ओट्यावर सांडलं. मग ओटा पुसण्यात तो विषय राहूनच गेला.

हे जाऊन साडेतीन वर्षं झाली. यांच्या ब्राउझरमध्ये सदतीस टॅब उघडे आहेत. मी एकही बंद केलेला नाही. यात भावनेचा काही भाग नाही, शिस्तीचा आहे. दुसऱ्यानं उघडं ठेवलेलं पुस्तक आपण मिटत नाही.

आज वर एक लाल पट्टी आली. हा ब्राउझर ३१ मार्चनंतर चालणार नाही.

३ मार्च, दुपारी ४

मुलाला फोन केला. तो म्हणाला, आई, नवीन आवृत्ती एक एप्रिलला येतेय, तोवर शांत बस. कशालाही हात लावू नकोस आणि जुनं काढून तर मुळीच टाकू नकोस.

शांत बस म्हणे. मी शाळेत अकरा वर्षं पहिल्या बाकावर बसले. सिस्टर विचारायच्या आधी माझा हात वर असायचा. शोधल्यावर सापडलंच: नव्या ब्राउझरची चाचणी आवृत्ती, प्रसिद्ध व्हायच्या आधी वापरून पाहण्यासाठी. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, थोडी जोखीम पत्करणाऱ्यांसाठी. टायपिंगमध्ये मिनिटाला साठ शब्द होते माझे. मी उतरवून घेतली.

सदतीसच्या सदतीस टॅब आले. दोनदा मोजले. लगेच जुना ब्राउझर काढून टाकला. एका घरात दोन ब्राउझर म्हणजे पसारा.

५ मार्च

या आवृत्तीत एक फॉर्म आहे. काही बिघडलं तर भरायचा. तीन रकाने. तुम्ही काय करत होतात? काय घडावं अशी तुमची अपेक्षा होती? प्रत्यक्षात काय घडलं? किती रीतीचे प्रश्न. मला इतक्या नीट कुणी काही विचारल्याला बरीच वर्षं झाली.

पहिला अहवाल पाठवला. 'आदरणीय चाचणी विभाग, सविनय निवेदन की' असा प्रारंभ केला. समासात जागा कमी आहे, हे निदर्शनास आणून दिलं. पाच मिनिटांत उत्तर: आपल्या मोलाच्या सहभागाबद्दल मनःपूर्वक आभार.

मनःपूर्वक.

६ मार्च

सकाळी दुकानात चष्मेवाल्यांना सांगितलं. (त्यांच्या काउंटरवर मी साडेनऊ ते एक असते. फ्रेमा दाखवणं, नंबरची पाकिटं लावणं.) ते म्हणाले, बाई, ती उत्तरं यंत्र पाठवतं. पाच मिनिटांत मनापासून आभार मानणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी दुर्लक्ष केलं. हे गृहस्थ प्रत्येक गिऱ्हाइकाला 'हीच फ्रेम तुमच्यासाठी बनलीय' असं पाच सेकंदांत सांगतात.

संकल्प: आठवड्याला एकच अहवाल. त्या लोकांना इतरही कामं असतील.

७ मार्च

तीन अहवाल पाठवले. तिन्ही महत्त्वाचे होते.

९ मार्च, सकाळी ८.३०

कालपासून कोपऱ्यात एक चौकोन येतोय. सुधारित चाचणी आवृत्ती तयार आहे, ब्राउझर पुन्हा सुरू करू का? मी नऊ वेळा 'आता नको' म्हटलं. दहाव्या वेळी मलाच उद्धट वाटायला लागलं. हो म्हटलं.

९ मार्च, सकाळी ८.५०

छत्तीस.

९ मार्च, सकाळी ९.१५

जवळच्या चष्म्यानं छत्तीस. लांबच्या चष्म्यानं छत्तीस. चष्मा न लावता मोजता येत नाहीत, पण जास्त नसावेत.

मी घाबरलेली नाही. हात गार पडलेत, कारण खिडकी उघडी आहे.

९ मार्च, दुपारी २

खिडकी बंद होती.

कुठला गेला ते कळायला मार्ग नाही, कारण आत काय काय होतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. यांना वाचायचे होते ते. मी फक्त रोज सकाळी मोजायचे.

१० मार्च

दुकानात सर्दी झाल्याचं कळवलं. वही घेतली. एकेक टॅब उघडून यादी केली. गुडघ्यांचे व्यायाम (तीन टॅब). गळका नळ घरच्या घरी कसा दुरुस्त करावा. बुद्धिबळातली घोड्याची एक चाल. पंख्याच्या झरोक्यातलं चिमणीचं घरटं तिला न दुखावता कसं हलवावं. कानात शिट्टी का वाजते. मुलाच्या गावचं आजचं हवामान. कडेला इलॅस्टिक असलेल्या चादरीची घडी कशी घालावी. ही घडी मी वर्षानुवर्षं घालत होते आणि हे बघत बसायचे. विचारायचं होतं की.

एकविसावा: बायको घोरत असेल तर काय करावं.

मी घोरत नाही. पुढे.

११ मार्च

अहवाल क्रमांक आठ. काय घडावं अशी अपेक्षा होती? सदतीस. प्रत्यक्षात काय घडलं? छत्तीस. याहून थोडक्यात मला लिहिता येत नाही.

१३ मार्च

चाचणी विभागाचं उत्तर आलं. या वेळी दोन दिवस लागले, म्हणजे माणसानंच लिहिलं असणार. चष्मेवाल्यांना सांगायला हवं.

ते लिहितात, टॅबमध्ये पान साठवलेलं नसतं. फक्त पत्ता असतो. आपण उघडलं की पान दर वेळी नव्यानं येतं.

वाचून पुन्हा संगणकाशी बसले. बुद्धिबळाच्या पानावर गेल्या आठवड्यातल्या स्पर्धेची बातमी आहे. मुलाच्या गावचं हवामान आजचं आहे. आठ पत्त्यांवर तर 'हे पान अस्तित्वात नाही' एवढंच येतं. म्हणजे मी साडेतीन वर्षं जे सांभाळलं, ते यांनी पाहिलेलंच नाही.

तरीही पत्ते यांचे आहेत. पत्त्यांनाही महत्त्व असतं. हरवलेला पत्ता मी शोधून काढणार आहे.

१५ मार्च

धाकटी बहीण आली. मी स्वयंपाक केला नव्हता, तर तिनं केला. म्हणाली, ताई, तू आरशात बघितलंस का? डोळे कसे झालेत. छत्तीस आहेत ना, मग एकानं काय अडतं? मी म्हटलं, तुझ्या पोळ्या सात झाल्यात, आठवीचा गोळा तू का लाटते आहेस? ती म्हणाली, ती खाणार आहे कुणीतरी म्हणून. आणि मग लाटणं बाजूला ठेवलं. जाताना चपला घालताना म्हणाली, मी तसं म्हणाले नाही गं.

जुना ब्राउझर परत घ्यायचा प्रयत्न केला. आता तो देत नाहीत. मुलगा म्हणाला, आई, मी काय सांगितलं होतं? मी म्हटलं, तू असं काही सांगितलंच नव्हतंस.

सांगितलं होतं. ३ तारखेला मीच लिहून ठेवलंय.

१८ मार्च

दुकानात पाकिटं बदलली गेली. लांबच्या नंबरवाल्या गृहस्थांना एका आजींचा जवळचा चष्मा दिला. ते काउंटरवरून तसेच निघाले आणि काचेच्या दारावर आदळले. नाकाला थोडं लागलं. फ्रेम शाबूत. चष्मेवाले मला बाजूला घेऊन म्हणाले, बाई, तुम्ही आठवडाभर घरी राहा. रागावले असते तर बरं झालं असतं. इतक्या हळू आवाजात बोलले की त्यांनी तो आवाज कधी कमावला असा प्रश्न मला पडला.

एका अर्थी उत्तमच. आता पूर्ण वेळ शोधता येईल.

२० मार्च

अहवाल चौदा. उत्तर: आधीच्या अहवालाची नक्कल म्हणून बंद करण्यात येत आहे.

बंद म्हणजे काय? कुणी बंद केला? मला विचारलं का?

अहवाल पंधरा, सोळा, सतरा.

२२ मार्च, सकाळी १०

मी कशालाही हात लावला नाही. ब्राउझर आपोआप मिटला. पडदा पांढरा. उघडला तर एक टॅब, त्यावर 'नव्या आवृत्तीत आपलं स्वागत'.

२२ मार्च, सकाळी १०.४०

काही नाही. टेबलाची कड धरून बसलेय. सोडली तर काय होईल माहीत नाही, पण सोडत नाही.

अहो, मी बंद नाही केले.

२२ मार्च, दुपारी १२.१०

आले. छत्तीस. मी रडले नाही. स्क्रीन पुसायची होतीच.

चाचणी विभागानं फोन केला. खरोखरचा फोन. एक बाई होत्या, आवाजावरून माझ्याच वयाच्या. म्हणाल्या, सतरा अहवाल वाचले तुमचे. एवढ्या नम्रपणे आमच्यावर आजवर कुणी ओरडलेलं नाही. संगणकातली नोंदींची एक फाईल पाठवायला सांगितली, कुठे असते तेही सांगितलं. पाठवली. शेवटी विचारलं, बाई, त्या टॅबमध्ये काय होतं असं तुम्हाला वाटतं? मी म्हटलं, यांना वाचायचं होतं ते.

२४ मार्च, सकाळी ९

त्यांचं उत्तर आलं.

सदतिसावा टॅब रिकामा होता. नवा उघडलेला, त्यात काहीही न लिहिलेला. रांगेतला शेवटचा. रिकामे टॅब नवी आवृत्ती आपोआप बंद करते. हा दोष नसून सुविधा आहे. खाली त्यांनी स्वतः एक ओळ घातली होती: हे सांगताना मला वाईट वाटतंय.

चला, सुटले. म्हणजे काहीच हरवलं नव्हतं. रिकाम्या टॅबसाठी पंधरा दिवस. हसायला हवं. धाकटीला सांगून हसेन.

२४ मार्च, सकाळी ११

टॅब उघडल्याची वेळ त्या नोंदीत आहे. संध्याकाळी सहा वाजून बावन्न मिनिटं. तारीखही आहे.

बिस्किटांचं नाव यांनी 'एकदा' विचारलं, असं ३ तारखेला मी लिहिलं. एकदा म्हणजे कधी ते लिहिलं नाही. ती हीच संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी पहाटे यांना दवाखान्यात न्यावं लागलं. परत आले नाहीत.

यांनी नवा टॅब उघडला, मला नाव विचारलं, आणि मी सांगेन म्हणून बसून राहिले. मी ओटा पुसत होते.

२५ मार्च

नवा टॅब उघडला. नाव लिहायला बसले. मला पक्कं माहीत आहे. जिभेवर आहे.

सकाळी नाही आठवलं. दुपारी अक्षरं एकेक म्हणून पाहिली, क पासून. शिलाई मशीनवरचा तोच पिवळा डबा आणला, त्यात आता बटणं असतात. झाकणावरचं नाव मीच घासून घासून साफ केलंय. स्वच्छतेचं बक्षीस मला शाळेत चार वर्षं मिळालं होतं.

शेवटी धाकटीला फोन केला. आम्हा दोघांवर पहारा ठेवायला घरचे तिला क्लासला बरोबर पाठवायचे, आणि निम्मी बिस्किटं तीच खायची. ती हसायलाच लागली. ताई, त्या बिस्किटांना कसलं आलंय नाव? कोपऱ्यावरच्या बेकरीतली सुटी बिस्किटं ती, वजनावर मिळायची. डबा तर लाकडाच्या पॉलिशचा, आईनं धुऊन दिलेला. भावजींना पॉलिशचा वास यायचा, ते तुला बोलले नाहीत कधी?

बोलले नाहीत.

म्हणजे दूध उतू गेलं नसतं, मी तिथल्या तिथे आत गेले असते, तरी माझ्याकडे सांगायला काही नव्हतंच.

३१ मार्च, दुपारी ३

उद्या पक्की आवृत्ती येते. सगळे टॅब 'शक्यतो' तसेच राहतील असं लिहिलंय. तो शब्द मी ओळखते. म्हणून आजच वाटणी करून ठेवते. पत्ते वहीतून उतरवून पाकिटांत घातले आहेत, दुकानातल्या नंबरच्या पाकिटांत.

गळका नळ धाकटीला. तिचा दोन वर्षं गळतोय आणि ती त्याला पाऊस म्हणते. पिवळा डबाही तिलाच, बटणांसकट. झाकण उघडल्यावर पॉलिशचा वास अजून येतो, मी इतकी वर्षं तो बिस्किटांचा समजत होते.

गुडघ्यांचे तिन्ही चष्मेवाल्यांना. स्टुलावरून उतरताना ते कुणी बघत नाही असं समजतात. परवापासून कामावर येते हेही सांगावं.

हवामान मुलाला. तिथे पाऊस पडला की वडलांना इथे कळायचं, आणि ते मला सांगायचे, आज फोन करू नकोस, भिजून आला असेल. चादरीची घडीही त्यालाच, त्यानं शिकावी.

चिमणीचं घरटं कुणालाही द्यायचं नाही. ते झरोक्यातच आहे, चिमणीचं आहे.

आठ मेलेले पत्ते चाचणी विभागातल्या बाईंना, सविनय. त्यांना उपयोग नाही, पण त्या नीट ठेवतील.

घोरणाऱ्या बायकोचा मीच वाचेन. धाकटी म्हणते, अगदी भिंत हलते.

बाकीचे वहीत आहेत, ज्याला जे हवं ते घ्यावं.

सदतिसावा परत उघडलाय, रांगेत शेवटी. रिकामा ठेवला तर आपोआप बंद होईल, म्हणून त्यात लिहिलं: सुटी बिस्किटं, वजनावर. शोधल्यावर खाली वजन कमी करण्याचे एकशेचार उपाय आले. उपाय कुणीही घ्यावेत. टॅब बंद करू नये.