क्वांटम चकती आणि माझी शाल

रविवार, संध्याकाळ. नवनगर.

शाल खुर्चीवर पडली आहे. घडी घालायचीही इच्छा नाही.

मंडळाच्या सेक्रेटरीने बोलावलं होतं, ‘क्वांटम विज्ञान आणि आपण’ या विषयावर. वाटलं, निवृत्त फिजिक्स मास्तरची कुणाला तरी आठवण झाली! क्वांटम कॉम्प्युटर कुठवर आलेत, त्यांच्यामुळे उद्या बँकांना आपली गुपितं कशी नव्याने जपावी लागतील, अशी चार पानं लिहून नेली. आधी शाल, नारळ, फोटो. मग माझ्याऐवजी कोटवाला एक भामटा उठला. हातात तांब्याची चकती. म्हणे घागरीखाली ठेवा, क्वांटम लहरींनी पाणी भारलं जातं, ते प्यायलं की गुडघेदुखी जाते. आणि समोरचे वकील, हेडमास्तर माना डोलावतायत. पदव्या कशाला घेतल्या यांनी, भिंतीवर टांगायला?

मी उठायला हवं होतं. पण अंगावर त्यांचीच शाल, मांडीवर त्यांचाच नारळ. सत्कार घेऊन यजमानाला तोंडावर खोटं कसं पाडायचं? पानं खिशातच राहिली.

दारात सुमन भेटली, माझी जुनी विद्यार्थिनी. हातात चकतीचा डबा.

“सर, माझा काय विश्वास नव्हता बघा. पण तुम्ही स्टेजवर होता की. चुकीचं असतं तर बोलला असता. आमच्या अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं, आता थांबवते.”

भामटा मागेच उभा होता, हसत.

“बघ, तुला पटेल तसं,” एवढंच म्हणालो. शाल तेव्हाही खांद्यावरच होती.