हँडब्रेकची वायर

ड्रेस्डेन,
रविवार, १९ फेब्रुवारी २००६

ती. स्व. श्रीरंगदाजींना गुरुदत्तचा साष्टांग नमस्कार.

मी इकडे ठीक आहे. नदीकाठी अजून बर्फ आहे. तुमच्या गुडघ्याचा पट्टा निघाला आणि आता एकाच कुबडीवर भागते, असे ताईने लिहिले. वाचून बरे वाटले. थर्मोडायनॅमिक्समध्ये मी पुन्हा नापास झालो. फोनवर सांगितले नव्हते.

तुम्ही पुढच्या सोमवारी आउसलेंडरबेहोर्डमध्ये, त्या परदेशी लोकांच्या कचेरीत जाऊन माझ्या व्हिसाच्या हमीपत्रावर सही करणार, हेही तिने कळवले. आणि अगदी शेवटी एक ओळ होती: "लायब्ररीतल्या नोकरीला नाही म्हणून कळवते आहे. तिथे रोज गाडीनेच जावं लागेल, आणि मला गाडी झेपत नाही, हे सगळ्यांना दिसलंच."

ती ओळ आल्यापासून या पत्राचा हा चौथा कागद आहे.

नाताळच्या सुट्टीत मी तुमच्या गाडीला घरातूनच बटण दाबून इंजिन चालू करायचा रिमोट स्टार्टर बसवला, ते तुम्ही पाहिले आहे. चावीमागच्या वायरी मीटर लावून ओळखल्या. एकीत कायम बारा व्होल्ट, दुसरीत चावी फिरवल्यावर येऊन टिकणारे, तिसरीत फक्त स्टार्टर फिरेपर्यंत. प्रत्येकीला कागदाची पट्टी चिकटवून नाव लिहिले. तुम्ही हसलात, "अरे, बारसं करतोयस का वायरींचं?"

एका वायरीचे राहिले. स्टार्टरच्या पेटीतून एक बारीक वायर निघते, ती हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते. हँडब्रेक ओढलेला नसेल तर पेटी इंजिन चालूच करत नाही. आकृतीत दाखवलेल्या रंगाची वायर तुमच्या गाडीत नव्हती. सीट काढून, गालिचा उचलून शोधायला हवी होती. तासाभराचे काम. तेवढ्यात ताईने जेवायला हाक मारली आणि तुम्ही विचारलेत, "झालं ना?" मला नाही म्हणवेना. मी ती वायर सरळ गाडीच्या पत्र्याला जोडून टाकली. म्हणजे हँडब्रेक कायमचा ओढलेलाच आहे, असे पेटी समजत राहिली. नंतर नीट करू म्हटले. केले नाही.

ताईला मी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायला सांगितले होते. ती तसेच करत होती. जानेवारीत मी पुन्हा तुमच्याकडे आलो, त्या शनिवारी रात्री पारा उणे चौदावर गेला आणि तिने फारशूलमध्ये, गाडी शिकताना, शिकवलेले केले: कडक थंडीत हँडब्रेक गोठतो, म्हणून तो सोडायचा आणि पहिला गिअर टाकायचा. बॉबलिंगेनमध्ये तुमच्या गल्लीतल्या निम्म्या गाड्या तशाच उभ्या होत्या.

सकाळी तुमची केअरवोखेची, म्हणजे इमारतीपुढची वाट साफ करायची पाळी. गाडी आणि कुंपणाची भिंत यांच्यामधला बर्फ ओढता ओढता तुम्ही वर ओरडलात, "कौमुदी, दाब गं बटण! तुम्ही खाली येईपर्यंत गरम होऊ दे." ती बाल्कनीत होती, मी तिच्या शेजारी. गाडीने उडी मारली. तुमचा आवाज मला अजून ऐकू येतो.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तुम्ही तिला म्हणत होता, "गिअरमध्ये? हँडब्रेक ओढायला हात दुखतात?" ती रडत म्हणाली, "अहो, फारशूलमध्ये तसंच सांगितलंय." "फारशूल गेलं खड्ड्यात!" मग तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. "वायरिंग बरोबर होतं ना रे?"

मी म्हणालो, "हो दाजी. एकेक वायर तपासलीय."

दाजी, माझी वायर तिच्या जागी असती तर ताईने दहा वेळा बटण दाबूनही काही झाले नसते.

तुम्ही दोघे हॉस्पिटलात गेलात. छोट्या स्वरालीला टीव्हीसमोर बसवून मी खाली गेलो, कुणाला कळू नये म्हणून पत्र्यापाशी ती वायर कापली आणि टोकाला टेप गुंडाळली. तुमच्या ऑफिसातले जयंतराव संध्याकाळी पेटी बघून गेले, त्यांना काही सापडले नाही. तुमच्या सहीवाचून माझा व्हिसा वाढणार नव्हता. त्या वेळी डोक्यात एवढेच होते. त्यानंतर तुमच्या आईंनी पुण्याहून स्पीकरफोनवर ताईला जे जे ऐकवले, ते मी बाजूच्या खोलीत बसून ऐकले. आणि जेवलो.

सही करायची की नाही, ते तुम्ही ठरवा. केली नाहीत तर मार्चअखेर मी परत जाईन, तक्रार करणार नाही. तुमचा गुडघा पूर्वीसारखा होणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि त्याची माफी कुठल्या तोंडाने मागू ते ठाऊक नाही. पण गाडीची चावी ताईच्या हातात द्या. तिची चूक नव्हती, हे तुमच्या तोंडून तिला ऐकायला मिळू दे. आणि तुमच्या आईंनाही तुम्हीच फोन करा.

याच मजकुराचे पत्र ताईच्या नावाने कालच टाकले आहे. तुम्ही हे वाचाल तेव्हा तिला सगळे कळून एक दिवस झालेला असेल. मला आता माघार घेता येऊ नये, म्हणून तसे केले.

आपणा दोघांचा अपराधी,
गुरुदत्त