आत्याच्या फरशीवरचा डाग

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आता बरे असतील, आणि तू त्यांना बरं राहू देत असशील, अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल. आई मजेत, मी मजेत, आणि बाबा तुझं नाव निघालं की वर्तमानपत्रात तोंड खुपसतात, म्हणजे तेही पूर्वीसारखेच आहेत. (फोन सोडून पत्र का, तर फोनवर बाबांचा विषय निघाला की तू ठेवून देतेस. पत्र मात्र शेवटच्या टिंबापर्यंत वाचतेस.)

आजोबांचं घर पाडलं तेव्हा दारापुढच्या पायरीवरून काय महाभारत झालं ते तुला सांगायला नको. आजोबा संध्याकाळी तिच्यावर बसायचे, म्हणून ती तुम्हा दोघांनाही हवी. बाबांनी मोठेपणा घेतला, अर्धी अर्धी करू म्हणाले आणि कडेला छिन्नी लावली. पाटीचा दगड तो! मधोमध तुटायचं सोडून वहीची पानं सुटावीत तसा सुटला आणि एका जाड पायरीच्या दोन पातळ फरशा झाल्या. स्वच्छ ती बाबांनी ठेवली, तांबूस डागाची तुझ्या वाट्याला आली, आणि तेव्हापासून तुम्ही बहीणभाऊ आईमार्फत बोलता. (आई सांगते, दोघांच्या निरोपातलं तिखट गाळून पोहोचवते, त्यामुळे निरोप फार छोटे होतात.)

तर आमची फरशी अंगणात असते आणि बाबा तिच्यावर बसून दाढी करतात. परवा सकाळी ऊन तिरपं आलं आणि बाबांच्या पायांमधून मला दगडात पाच बोटांचा उथळ खळगा दिसला. मी इतकी ओरडले की बाबांची अर्धी मिशी गेली. उरलेली त्यांनी नाइलाजाने स्वतःच काढली. शेजारच्या काकूंनी दुपारी त्यांना विचारलं, साहेब घरी आहेत का?

आत्या, संग्रहालयात मी दिवसभर असलेच जीवाश्मांचे दगड सुईने साफ करते, पण आपल्या घरात असं काही असेल हे स्वप्नातही नव्हतं. समुद्राच्या तळाशी चिखल एकदम ढासळला की तिथले जीव आहेत तसे गाडले जायचे. चिखलाचा पाटीचा दगड झाला आणि काही जिवांच्या जागी पिवळं चकचकीत खनिज भरलं. (सोनं नाही. बाबांनीही आधी तेच विचारलं.)

दगडाच्या आत काय उरलंय ते बघायचं, तर संग्रहालयाचं एक्स-रे यंत्र नेमकं नादुरुस्त. म्हणून फरशी चादरीत गुंडाळून आम्ही बापलेक जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. खिडकीतल्या बाईंनी रीतसर विचारलं, प्राणी कोणता? तारामासा. वय? चाळीस कोटी वर्षं. मान वर न करता त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, लसी दिल्यात का? बाबांनी बिनमिशीच्या तोंडाने गंभीरपणे सांगितलं की आमच्याकडे आल्यापासून तरी नाही. बाकावरच्या धिप्पाड कुत्र्याने फरशीचा वास घेतला आणि ते मालकाच्या मांडीवर चढून बसलं.

फोटो आला आणि आम्ही सगळे त्यावर वाकलो. दगडाच्या आत एका हाताचं टोक, त्यावर केसांसारखे बारीक काटे, एकही मोडलेला नाही. बाकी नुसता ठसा. डॉक्टरांनी चष्मा पुसून विचारलं, पेशंटचा उरलेला भाग कुठे आहे? माझ्याआधी बाबा बोलले, “माझ्या बहिणीकडे.” इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. इतका आनंद झाला की मला रडूच फुटलं. कुत्र्याच्या मालकाने रुमाल दिला. त्याला वाटलं, आमचं कोणीतरी गेलं.

असो. काळजी घे, गोळ्या वेळेवर घे.

तुझी भाची,
चिमटी

ता. क. खरं तर हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. तुझ्या फरशीवरचा डाग हाच तो तारामासा आहे! तू त्याला तारेच्या घासणीने घासायला घेतलंयस आणि तो आता हटायला लागलाय, असं आईकडून कळलं. तिने फोनवर नको म्हटलं, तर ‘भावाने शिकवलं वाटतं’ म्हणून तू दुप्पट जोराने घासलास म्हणे. आत्या, मी हात जोडते. घासणी खाली ठेव आणि फरशी घेऊन ये.

आणखी एक. बाबा म्हणतात, स्वच्छ बाजू तुला हवी असेल तर घे, अदलाबदल करू. (तुझी बाजू भारी निघाल्यावरच हे औदार्य सुचलं, असं तू म्हणशील. मीही तेच म्हटलं.)

आणि शेवटचं. डाग पार गेला असला तरी ये. मिशी उगवेपर्यंत बाबा कोणाला तोंड दाखवायला तयार नाहीत. मी विचारलं, मग आत्या आली तर? म्हणाले, “तिला येऊ दे. तिने मला मिशी फुटायच्या आधीपासून पाहिलंय.”