उलटा बाजू

सिस्टर, मागच्या आठवड्यात कॅमेऱ्यासमोर बसून मी तुमचं वाक्य तुमच्या चुकीसकट बोलले. "उलटा बाजू दाखव." मुलाने रेकॉर्डिंग झाल्यावर हळूच सांगितलं, "आई, उलटी बाजू." कॉन्व्हेंटच्या शिवणवर्गात तुम्ही दक्षिणेकडच्या वळणाचं मराठी बोलायचात आणि डबा खाताना आम्ही तुमची नक्कल करायचो. पण बाकांमधून येऊन तुम्ही हात पुढे केलात, की नक्कल विसरून कापड तुमच्या हातात द्यायचो. वरची फुलं तुम्ही बघायचाच नाहीत. कापड पालटून मागच्या गाठी, लोंबणारे दोरे बघायचात आणि म्हणायचात, "उसव." एकदा मी रडायला लागले, तर तुम्ही शेजारी बसलात आणि माझ्याबरोबर उसवू लागलात. जेवणाची घंटा होऊन गेली तरी उठला नाहीत.

आता मी कोळवणला असते. यांना अर्धांगवायू झाला तेव्हा मुलाने आम्हाला इथल्या घरी आणलं, हवा मोकळी म्हणून. हवा मोकळीच आहे. मी मात्र यांची हाक ऐकू येईल एवढ्याच अंतरावर फिरते. फाटकाशी गेले तरी कान घरात असतात. पुण्यातला माझा भरतकामाचा वर्ग सुटला. मुलगा हिंजवडीत नोकरी करतो, त्याने ऑनलाइन शिकवायचं सुचवलं आणि दोन कंपन्या समजावून सांगितल्या. पहिलीत धडे एकदाच रेकॉर्ड करून द्यायचे. शिकणाऱ्या बायका कंपनी आणते, सवलतही तीच ठरवते. त्यांना हवं तेव्हा बघता येतं, पण कुणाचं काम कसं झालं हे मला कळत नाही. दुसरीत थेट वर्ग. कापड पुढून-मागून बघता येतं, पण विद्यार्थिनी आपण गोळा करायच्या आणि वेळ काटेकोर पाळायची. मी तत्काळ दुसरी म्हटलं. पहिल्या मोफत वर्गाला चार-पाच जणी आल्या. एकीला कापड पालटायला सांगते आहे, तोच यांची हाक आली. यांचं अंथरूण बदलून परतले, तर पडद्यावर एकच चौकट उरली होती. तिच्यातही रिकामी खुर्ची. मुलगा म्हणाला, "आई, तुला पहिलीच बरी." त्याचं चुकलं नव्हतं, आणि तेच मला सोसवेना.

शेजारच्या शेतकऱ्यांची सून दुपारी येऊन बसते. तिने त्या पहिल्या कंपनीवर ब्लाउजचा कोर्स केला होता. कसा वाटला, असं विचारलं. "सर्टिफिकेट बी आलं की, काकू. व्हिडिओ चालू ठिवला आन् भाकरी थापत बसले, तरी आलं." मी विचारलं, ब्लाउज कुठे आहे? "त्यो तसाच हाय. बाही उलटी बसली. व्हिडिओतली बाई लई ग्वाड बोलती, पर बाहीचं इचारलं त्याला अजून उत्तर न्हाई."

तिलाच मी मागच्या आठवड्यात मुलाने रेकॉर्ड केलेला माझा धडा बघायला दिला. फोन उंबरठ्याला टेकवून ती ओसरीवर दाराकडे तोंड करून बसली, मांडीवर रिंगेत ताणलेलं कापड. मी आत यांना पेज भरवत होते. बाहेरून माझाच आवाज आला, "उलटा बाजू दाखव." ती खुदकन हसली. त्या वाक्यानंतर धड्यात मी हात पुढे करून थांबले आहे, तुम्ही थांबायचात तशी, बराच वेळ. मुलाला ती शांतता कापायची होती. बायका कंटाळून निघून जातील म्हणे. पण ही निघून गेली नाही. तिने रिंग पालटली आणि फोनसमोर धरली, अगदी स्थिर, परीक्षेला बसल्यासारखी. मला आतून सगळं दिसलं, गाठींचे झुबके, एका फुलावरून दुसऱ्यावर तिरके ओढलेले दोरे. आणि फोनमधली मी म्हणाले, "छान. आता पुढचा टाका."

तिचा चेहरा उजळला. माझ्या हातातला चमचा यांच्या ओठांशी होता. घाईने भरवलं तर यांना ठसका लागतो, मग घास परत येतो. मी हाक मारली असती, पण यांचे डोळे माझ्यावर होते. पेज संपेपर्यंत ती म्हशीच्या धारेला निघून गेली होती, आणि पुढचा टाका घालून.

काल मी मुलाला पहिल्या कंपनीला होकार कळवायला सांगितलं. एवढंच म्हटलं, की तो "छान" तेवढा काढ. त्याने काढला. "उलटा" मी काढू दिलं नाही. शांतता मात्र का ठेवायची, हे त्याला पटेना. मी म्हटलं, बायकांनी तेवढ्यात आपापलं काम नीट बघावं म्हणून. त्याला ते पटलं.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर हात पुढे करून बसले तेव्हा आतून हाक येत नव्हती. पुढचं वाक्य मला आठवत होतं, सिस्टर. पण ते बोलले असते, तर धडा लवकर संपून मला उठून आत यांच्याकडे जावं लागलं असतं.