डावी बाजू

३ जून
पुन्हा तेच पालुपद! डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेल्या वर्षी ऑपरेशन करून डोळ्याचा पडदा एकदा चिकटवलाय. आता डाव्या डोळ्यावर फटका बसला तर तो डोळा गेलाच समजा. किकबॉक्सिंग बंद!" म्हटलं, बघू. "बघायला डोळा राहिला तर," म्हणाल्या. बाई विनोदीही आहेत!
अडतीस म्हणजे काय म्हातारपण आहे? पुढच्या महिन्यातली लढत मी सोडणार नाही.

५ जून
नवऱ्याने आईला सांगितलं. घरचा भेदी! आईचा लगेच फोन — "नाक झालं, बरगडी झाली, आता डोळा घालव!" नाक जुळलं. बरगडीही जुळली. मग?

९ जून
सराव झकास. तिघांशी लढले. डावीकडून एकही फटका आत आला नाही! येऊन बघा म्हणावं डॉक्टरीणबाईंना. सरांना विचारलं, "पाहिलंत ना?" ते हाताच्या पट्ट्या गुंडाळत होते. "हं," म्हणाले. कौतुक करायला जीभ जड होते माणसाची.

१४ जून
चहा सांडला. नवऱ्याने कप डावीकडे, अगदी कोपराशी ठेवला होता. वाट्टेल ते बोलले त्याला. तो गुपचूप फरशी पुसत होता.

२० जून
क्लबमध्ये नवी मुलगी आली आहे. आज पहिल्यांदाच माझ्यासमोर उभी राहिली. दुसऱ्या फेरीत तिची लाथ माझ्या डाव्या कानशिलावर बसली. येताना दिसलीच नाही! कान सुन्न. डोळा शाबूत आहे, नशीब.
सगळे जागच्या जागी थांबले. सर तिच्यावर कडाडले, "ताईला डावीकडून मारायचं नाही, सांगितलं नव्हतं कुणी?"
म्हणजे बाकी सगळ्यांना सांगितलेलं होतं!
"कधीपासून?" मी विचारलं.
"ऑपरेशन झाल्यापासून. तू ऐकणार होतीस का माझं?"
ग्लोव्हज फेकले आणि निघाले. लहान मुलांच्या खेळात कच्चं लिंबू असतं, तसं केलं मला! एवढा अपमान कुठल्या हारीत झाला नव्हता. घरी येऊन खूप रडले.

२१ जून
नवी दारात. डोळे सुजलेले. "ताई, चुकलं माझं." म्हटलं, "काही चुकलं नाही. लाथ चांगली होती." आत बोलावून खायला घातलं.

२२ जून
सरांना फोन केला. पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवीला उतरवा म्हटलं. डॉक्टरीणबाईंचं ऐकलं असं कुणी समजू नये! मी त्या पोरीकडून हरले. वर्षभरात खरं लढली ती एकटीच.