टेपमधून कापलेला आवाज

चिरंजीव बाळ्यास,
अनेक आशीर्वाद. वहिनींचा गुडघा कसा आहे? सूनबाईंची पाठ? धाकटीला दात आले का? मी ठणठणीत आहे, डोकं तेवढं तापलंय.

परवा तुझी मैफल ऐकली. त्या संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही, पण किरणं मोजायच्या यंत्राची टकटक मी झोपेतही ओळखीन. अणुचाचणीनंतर दादा, म्हणजे तुझे वडील, ते यंत्र घेऊन मैदानात चालत होता. मी खोलीत वायरलेसपाशी बसून टेप करत होतो. त्या टकटकीवर तू व्हायोलिनं रडवलीस. पुढच्या रांगेत बसलेल्या आमच्या तेव्हाच्या साहेबांनी रुमालाने डोळे टिपले. हेच साहेब वीस वर्षं सांगतात की त्या यंत्राचा काटा कधी टोकाला गेलाच नाही.

मी तुला दिलेल्या टेपवर दादा म्हणतो, "काटा टोकाला टेकलाय." त्यावर मी म्हणतो, "यंत्र बिघडलं असेल, दादा. पुन्हा जाऊन मोज." तो तीनदा गेला, आणि पुढे त्याच किरणांनी कायमचा गेला.

नेमकं तेवढंच तू कापलंस. विचारलं तर म्हणे, "काका, बोलण्याने ताल मोडतो." मला शेंड्या लावू नकोस. माझी अब्रू झाकायला गेलास आणि साहेबांचीही झाकलीस. दादाने खरं मोजलं होतं, याला दुसरा पुरावा नाही.

ते बोलणं परत जोड, माझ्या आवाजासकट.

उत्तर लगेच लिही. आधीची लिहून घरातच राहिली, हे पत्र तरी टपालपेटीत टाकीन म्हणतो. वहिनींना मात्र वाचून दाखवू नकोस. त्यांना मीच सांगणार आहे. वीस वर्षं झाली, सांगणारच आहे.

तुझा,
काका