तुमच्या हातचा अर्क

सर, तुमच्या नावाची पाटी करून आणली होती. पत्र्याची, हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं, मोताळ्याच्या पेंटरकडून काढून घेतलेली. तुमच्या रस्त्याकडच्या अर्ध्या एकरात, धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, ती लावायची असं आमच्या शेतकरी गटातल्या पोरांनी ठरवलं होतं. त्यातल्या तिघांनी तुम्हाला पाहिलेलंही नाही. एक तर कॉम्प्युटर शिकून पुण्याहून परत आलाय आणि मोबाइलवर आमची तूरडाळ विकतो. पण बिनविषाची शेती म्हटलं की अजूनही सगळ्यांच्या तोंडी तुमचंच नाव असतं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आपण सरांसाठी काहीच केलं नाही, असं त्यांच्या मनात आलं. पाटीच्या कार्यक्रमात मी दोन शब्द बोलायचे होते. वही घेऊन बसले ती त्या दोन शब्दांसाठी. ते काही उतरत नाहीत, हे उतरतंय.

नववीत तुम्ही आम्हाला विज्ञान शिकवायचात. वर्गात तुमची भाषा पुस्तकी असायची, वावरात पाय ठेवला की वऱ्हाडी. एका शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही सगळ्या वर्गाला त्या अर्ध्या एकरात घेऊन जाता. तूर माझ्या डोक्याच्याही वर गेलेली असते, शेंगांनी वाकलेली. तुम्ही एक फांदी खाली ओढता आणि म्हणता, "पाहा रे, एक तरी छिद्र दाखवा मले." आम्ही शोधतो. खरंच सापडत नाही. शेजारच्या वावरात तीन-तीन फवारे मारूनही अळीनं दाणे पोखरलेले असतात आणि तुमच्या शेंगा मात्र टपोऱ्या. निंबाखाली दशपर्णी अर्काचा निळा ड्रम असतो, दहा झाडांचा पाला गोमूत्रात कुजत घातलेला. तुम्ही झाकण काढता तशी पोरं नाकं दाबून पळतात. तुम्ही काठीनं ढवळत शांतपणे म्हणता, "या वासाले जो भ्याला त्यानं नोकरी करावी." मी पळाले नव्हते. तुम्ही ते पाहिलं होतं, कारण सोमवारी वर्गात तुम्ही सांगितलंत की ही पोरगी शेती करील. सगळा वर्ग हसला, मला मात्र तेव्हा फार मोठं काही मिळाल्यासारखं वाटलं.

पुण्याच्या लॅबमधली नोकरी सोडून मी माहेरच्या चार एकरांवर आले, तेव्हा बाबा आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. नवरा बुलढाण्याला नोकरीला, त्याचा पगार होता म्हणून घर चालणार होतं, पण बाबांचा प्रश्न वेगळा होता. "वावरातच यायचं होतं त शिकली काऊन?" एवढंच ते विचारत. गावात आनंद झाला तो फक्त तुम्हाला. तुरीला फुलोरा आला त्या आठवड्यात तुम्ही स्कूटरच्या पुढ्यात वीस लिटरची कॅन ठेवून आलात. म्हणालात, "माह्या हातचा अर्क आहे. पहिले दोन वर्षं माहाच मार. मंग तुह्या ड्रमाचं पाहू." मी ती कॅन दोन्ही हातांनी उतरवून घेतली. मी फवारला, आणि माझी तूर तुमच्यासारखी लागली. ज्या लोकांनी मला वेड्यात काढलं होतं ते धुऱ्यावर उभे राहून शेंगा फोडून पाहायला लागले. बाबांनी घरातल्या घरात एकदाच म्हटलं, "बरी आली." त्या तुरीच्या जोरावर दोन वर्षांत आठ पोरं माझ्यामागे आली. त्यातला सगळ्यात हुशार तुम्हाला आठवत असेल, आयटीआय अर्धवट सोडून आलेला, किड्यांची चित्रं वहीत काढणारा.

तुमच्या स्वयंपाकघराचीही एक दुपार आठवते. दुसऱ्या वर्षीची. लेक सहा महिन्यांची झालेली आणि तिचं उष्टावण माझ्या वावरातल्या तुरीच्या वरणानं करायचं म्हणून मी काकूंना बोलवायला आले होते. काकू उंबऱ्याशी बसून सुपात डाळ निवडत होत्या. अर्धीअधिक किडकी. मी म्हटलं, काकू, सरांची तूर एवढी निर्मळ आणि तुमच्या सुपात हे काय? काकूंनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणालात, "परसातली आहे ते. खायाले ठेवतो." मला तुमचं कौतुक वाटलं होतं. चांगली डाळ लोकांना विकून घरात किडकी खाणारा माणूस, असा अर्थ मी लावला. संध्याकाळी मी लेकीच्या तोंडात पहिला घास माझ्या डाळीचा घातला. छान, पिवळीधमक, एक दाणा किडका नव्हता.

तिसऱ्या वर्षी तुम्ही सांगितलंत की आता स्वतःचा ड्रम घाल. मी घातला. तुम्ही वहीत लिहून दिलेलं प्रमाण पाळलं, चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळलं. आणि तूर अळीनं खाल्ली. निम्मीही राहिली नाही. तुम्ही पाहायला आलात तेव्हा आठही पोरं होती. मी म्हटलं, सर, अर्कात काही चुकतं आहे का. तुम्ही एक शेंग फोडलीत, आतली अळी बोटानं उडवलीत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "अर्क खोटा नसते पोरी. हातात खोट असते. पुण्याची घाई आहे तुह्या हातात." मी मान खाली घातली. त्यानंतर किती वर्षं मी माझ्या हातांवर संशय घेतला याचा हिशेब नाही. पाला सकाळी तोडला की दुपारी, गोमूत्र शिळं होतं का, काठी उलटी फिरली का. तुम्ही गेल्यावर त्या हुशार पोराच्या वावरात तसंच झालं, तेव्हा तेच वाक्य मी त्याला ऐकवलं. तुमचाच आवाज काढून, सगळ्यांदेखत. त्या पोरानं पुढच्या वर्षी वावर बटाईनं दिलं आणि वाळूजला कंपनीत लागला.

उरलेल्यांनी हळूहळू आपली वाट शोधली. तुरीत ज्वारीच्या ओळी घालायच्या म्हणजे पाखरं येऊन बसतात. सकाळी झाडाखाली पोतं पसरायचं, झाड हलवायचं, पडलेल्या अळ्या कोंबड्यांना घालायच्या. शेजाऱ्याच्या निम्मं पिकतं, पण जे पिकतं ते खरं असतं आणि खाणारी माणसं आम्हाला ओळखतात. तरी दर मोसमात कुणीतरी म्हणतंच, "सरांसारखं नाही जमत पण." मीही हो म्हणायची. तुमचं अर्धं एकर आमच्या डोक्यावर सतत उभं होतं आणि आम्ही त्याच्यापुढे कायम नापास.

पाटीचा नारळ कुणी फोडायचा असा प्रश्न निघाला तेव्हा मीच चाचांचं नाव घेतलं. वीस-बावीस वर्षं तुमच्या वावरात राबलेला माणूस. ते आता देऊळघाटला मुलाकडे असतात, डोळ्यांनी कमी दिसतं. मी गेले, चहा झाला, आमंत्रण दिलं. चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बेटा, मले नको बोलावू. नारळ फोडाले हात नाही उठणार माहा."

"काऊन चाचा?"

त्यांनी टोपीची घडी घातली. मग म्हणाले, "तुले मालूम नाही का? मले वाटलं, सरांनी जायच्या आधी तरी सांगतलं असन." आणि त्यांनी सांगितलं. तुरीला फुलं लागली की बाजाराच्या दिवशी तुम्ही त्यांना म्हणायचात, आज तू बाजारात जाऊ नको. गाव बाजारात गेलं की ते पंप पाठीवर घेऊन वावरात. मोसमात दोनदा, कधी तीनदा. औषध खामगावहून आणायचात, इथल्या कृषी केंद्रातून कधीच नाही. "वास येत नव्हता कुणाले?" मी विचारलं. चाचा हसले, पण वाईट हसले. "त्या ड्रमाच्या वासात काय समजते बेटा." मी उठायला लागले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "तुह्या कॅनमंदी बी टाकत होतो न मी. अर्धी अर्धी बाटली. सरच म्हणले, पोरीचं पहिलं साल आहे, खचली त वापस जाईन. अल्लाह माफ करे, तुह्या लेकीच्या उष्टावणाचं ऐकलं तवा दोन दिवस मले जेवण गेलं नाही."

चाचांना जेवण गेलं नाही. तुम्ही मात्र त्या उष्टावणाला आलात, सर. लेकीच्या हातात चांदीचं कडं घातलंत आणि वाटीतलं वरण पाहून म्हणालात, याले म्हणतात अन्न. परसातली किडकी डाळ कुणासाठी आणि पिवळीधमक कुणासाठी हे ज्या माणसाला माहीत होतं, तो माझ्या घरात पाटावर बसून हे बोलला. विश्वास पानिपतात गेला म्हणतात, माझा तुमच्या अर्ध्या एकरात गेला. तुम्ही औषध मारलंत याचा मला राग नाही. सगळं गाव मारतं, बाबाही मारायचे. पोट आहे, अळी आहे, समजू शकते. तुम्ही मला वर्गासारखं समोर बसवून म्हटलं असतं की पोरी, अर्कानं निम्मंच पीक राखता येतं, बाकीच्या निम्म्याचा रस्ता मलाही सापडला नाही, तर मी तेवढ्यावरही आले असते. निदान मला निवडू दिलं असतंत. तुम्ही मला खचू द्यायचं नाही असं ठरवलंत, आणि मग स्वतःच सगळ्यांदेखत खचवलंत. हातात खोट आहे म्हणालात तेव्हा खोट कुठे आहे हे त्या वावरात फक्त तुम्हाला माहीत होतं. ते वाक्य तुमच्या तोंडून कसं निघालं, हे मला अजूनही कळत नाही. प्रेमानं केसानं गळा कापतात तसं झालं हे. पुण्याच्या ज्या लोकांनी मला विचारलं होतं की नक्की बिनविषाची आहे ना, त्यांना मी माझ्या लेकीची शपथ घेऊन सांगितलं होतं.

सोमवारी गट बसवला आणि सांगून टाकलं. आधी कुणाचा विश्वास बसेना. मग एकानं हळूच म्हटलं, "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. सर गेले, चाचा किती दिवसांचे. लावू द्या पाटी, नवे पोरं तिच्याकडं पाहून येतात." कॉम्प्युटरवाला म्हणाला, "अन् आले की त्यायले सांगायचं, तुमच्या हातात खोट आहे?" पाटी सध्या माझ्या गोठ्यात आहे. कुणी ती मागितली नाही आणि कुणी फेकूनही दिली नाही.

मग मी वाळूजला, त्या हुशार पोराला, फोन लावला. तो शिफ्टवरून सुटला होता, मागे बसचे आवाज येत होते. मी सगळं सांगितलं, मधे थांबले नाही, माफी मागितली. मागून एक बस निघून गेल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "म्हंजे ताई, माह्या हातात खोट नव्हती."

"नव्हती रे बाबा."

"माहे बाबा मरेपर्यंत मले तेच म्हणत राह्यले. तुह्याच्यानं नाही होत." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "एक इचारू? तुमाले कधीच काही वाटलं नाही काय? एवढे वर्षं?"

मी म्हटलं, "नाही."

तो बरं म्हणाला आणि बस आली म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून माझं वरण-भाताकडेही लक्ष नाही. म्हणून हे लिहीत बसले आहे. हे मी गटात वाचणार नाही, काकूंना दाखवणार नाही, आणि तुम्हाला पाठवायचं म्हटलं तरी कुठे पाठवू. तुमच्यावर एवढं तोंड सोडलं, आता एक माझंही ऐका. पहिल्या वर्षी तुमची कॅन फवारली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वावरात गेले होते. तुरीखाली मधमाश्या मरून पडल्या होत्या. एक-दोन नव्हे, ओळीनं. पाल्याच्या अर्कानं मधमाशी अशी मरत नाही, एवढं तर लॅबमध्ये चार वर्षं काढलेल्या बाईला कळत होतं. मी खाली बसले, एक उचलून तळहातावर घेतली, आणि वर झाडाकडे पाहिलं. तूर फुलांनी गच्च होती, अळी कुठेच नव्हती. धुऱ्यावरून बाबा येताना दिसले, तशी मी ती मधमाशी खाली टाकली आणि पायानं तिच्यावर माती सारली.